स्थळ : आखाडा

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलाने तीन वर्षांपूर्वी त्याची पहिली एकांकिका लिहिली. शेतावर राहणारा म्हातारा सालगडी, रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला त्याचा पोरगा आणि मालकाचा सारखा येणारा फोन, एवढाच पसारा. पहिल्या पानावर, पात्रांच्या यादीखाली, त्याने लिहिलं होतं : ‘स्थळ – आखाडा.’ परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात आखाडा म्हणजे शेतातलं बिऱ्हाड. एखादी खोली, तिच्यापुढे सपार, बाजूला बैलांचा कोठा, बाज, पाण्याचा रांजण, कडब्याची गंजी. ‘कुठं गेलते?’ ‘आखाड्यावर.’ हे आमच्याकडे रोज कानावर पडणारं बोलणं. त्या एकांकिकेचं नेपथ्य मी केलं होतं आणि यातलं बहुतेक सगळं रंगमंचावर मांडलं होतं. प्रयोग बरा झाला. नंतर परीक्षकांशी चर्चा झाली, तेव्हा त्यांच्यातल्या एकांनी संहितेचं पहिलं पान उघडून विचारलं, ‘आखाडा हे प्रतीक चांगलं घेतलंय, पण कुस्तीचा संदर्भ पुढे कुठेच येत नाही. तो का सोडलात?’

पोरगा गप्प राहिला. मी अर्थ सांगितला, तेव्हा ‘अच्छा, असं होय’ म्हणून परीक्षकांनी पान उलटलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढच्या वर्षी त्याच पोराने दुसरी एकांकिका आणून दिली, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर होतं : ‘स्थळ – शेतातील एक झोपडी.’ आत वाचलं तर जागा तीच. रांजण तोच, बाज तीच, कोठाही तोच. फक्त आता त्याचा ‘गोठा’ झाला होता. कोठा म्हटलं की बाहेरच्या नटांना हिंदी सिनेमातला कोठा आठवतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

तेव्हापासून मला जे टोचतंय ते असं. मराठी नाटकात बोली आली, मान मिळवून आली, पण ती अवतरणचिन्हांत आली. कंसात, म्हणजे रंगसूचनांत, आली नाही. पात्रं ‘काय करायलास’, ‘कशाला बोंबलायलास’ म्हणतात आणि टाळ्या घेतात. पण त्याच लेखकाचा हात कंस उघडला की सोवळं नेसतो : ‘(मध्यमवर्गीय घरातील दिवाणखाना. उजवीकडे स्वयंपाकघरात जाणारे दार. मध्यभागी बैठक.)’ किंवा फार तर ‘(खेड्यातील एक घर.)’ माणसाच्या तोंडातली भाषा त्याची, आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे तिची भाषा दुसऱ्याची. ही तडजोड आता मोडायला हवी. मराठवाड्यातल्या लेखकांनी जागांची नावं कंसात आपलीच लिहावीत, आणि स्पर्धा, विद्यापीठं, प्रकाशक यांनी ती तशीच वाचायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. विंग, फ्लॅट, लेव्हल, ड्रॉप, ब्लॅकआउट, प्रॉपर्टी या शब्दांशी माझं काहीच भांडण नाही. ‘लेव्हल जरा मागं घे’, ‘झालर वर घे, लाइट दिसायलेत’ असं ओरडत मी अर्धं आयुष्य काढलंय. हे कामगाराच्या तोंडचे शब्द आहेत, घामाने मराठी झालेले. त्यांच्या जागी संस्कृतातून घडवलेले शब्द बसवावेत, असं मला मुळीच वाटत नाही. आणि संस्कृत शब्द तरी जागचे कुठे हललेले नाहीत? ‘नेपथ्य’च घ्या. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ असं आलं की पडद्यामागून आवाज येतो. नेपथ्य म्हणजे तिथे पडद्यामागची जागा, नटांची सजण्याची खोली आणि त्यांची सजावटही. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतले दोन नटाच्या अंगावरच्या गोष्टींचे : अलंकार, अंगाला लावायचे रंग. त्यांपैकी फक्त एक, ‘पुस्त’, म्हणजे रंगमंचावर करून ठेवायच्या वस्तू : डोंगर, रथ, विमान, ढाल. आज आपण ज्याला नेपथ्य म्हणतो तो त्या चारांतला एक वाटा. अंगावरची वस्त्रं वेशभूषेत गेली, रंग रंगभूषेत गेले, आणि पाठीमागे उरलेला शब्द पुढे येऊन भिंती उभ्या करू लागला. शब्द वापराने हलतात, हे मान्यच. मग आमच्या वापराचे शब्दही त्या वापरात येऊ द्या, एवढंच मागणं आहे.

मराठी रंगमंचावर जागा कशी दाखवायची याच्या रीती बदलत आल्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं, आणि पुढे संगीत नाटकांच्या कंपन्यांबरोबर रंगवलेले पडदे गावोगाव फिरले. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, बागेचा, अरण्याचा. चार-पाच पडद्यांत सगळी सृष्टी बसायची. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आली आणि तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर आली. त्या खोलीने मराठी नाटकाचं फार भलं केलं, तिच्यात उत्तम नाटकं घडली. पण ती खोली हळूहळू नाटकाची एकमेव जागा होऊन बसली. आमचा भाग १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथली घरं वेगळ्या रीतीने बांधलेली, दालन, देवडी, मोहल्ला हे शब्द इथल्या मराठीत मुरलेले. त्या खोलीत या घरांना शिरता आलं नाही. शिरायचं तर आपलं नाव बाहेर ठेवून शिरावं लागलं.

नावाने एवढा काय फरक पडतो, असं मला तरुण दिग्दर्शक विचारतात. त्यांना मी ढाळजेचं सांगते.

ढाळज म्हणजे वाड्याच्या मोठ्या दारातून आत शिरलं की बाजूला लागणारी ओटेवजा बैठक. माझ्या आजोळच्या पडक्या वाड्यातली ढाळज मी टेप लावून मोजली आहे. चौकापेक्षा दोन फूट तीन इंच उंच, सात फूट खोल, दोन खण लांब (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण). भिंतीत दोन दिवळ्या, म्हणजे दिव्याचे कोनाडे, एक खुंटी, आणि पाठ टेकून टेकून भिंतीला पडलेला तेलकट पट्टा. हा पट्टा कुठल्याही नेपथ्यकाराने बघून ठेवावा असा आहे. तो जमिनीपासून हातभर उंचीवर सुरू होतो आणि खांद्याशी संपतो. माणसं तिथे किती वर्षं बसली आणि कशी बसली ते त्यावर लिहिलेलं आहे. आलागेला पाव्हणा ढाळजेत बसायचा. कुळवाडी, हिशेबाला आलेला माणूस, गावची पंचाईत, सगळं ढाळजेत. चौकात उतरायचं तर घरचा माणूस असावा लागे. माजघरात जायला त्याहून जवळचा. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला ढाळजही नव्हती, त्याने दाराबाहेर पायरीखाली उभं राहून बोलायचं. माझी आजी त्या वाड्यात पन्नासच्या वर वर्षं राहिली आणि ढाळजेत एकदाही बसली नाही. पुरुष बसलेले असले की ती परसदाराने पाण्याला जायची. पण ढाळजेत काय ठरलं ते तिला सगळं ठाऊक असायचं, कारण माजघराच्या दाराआड उभं राहिलं की तिथलं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं.

आता दिग्दर्शक म्हणून याचा विचार करा. ‘दिवाणखाना’ असं लिहिलं की सगळी पात्रं येतात आणि सोफ्यावर बसतात. ‘ढाळज’ असं लिहिलं की कोण वर बसेल, कोण खाली उभं राहील, कोण दाराआडून ऐकेल आणि कोणाला मागच्या दाराने जावं लागेल, हे त्या एका शब्दाने ठरवून टाकलेलं असतं. अर्ध्या हालचाली लेखकाने न लिहिता लिहिल्या जातात. आणि एखाद्या नाटकात सून सरळ येऊन ढाळजेत बसली, तर तो स्फोट होतो. तिला एक शब्दही बोलावा लागत नाही. आम्ही असा प्रयोग एकदा तालुक्याच्या गावात केला होता. आमच्या नटीला ढाळज म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं, ती सहज लेव्हलवर, म्हणजे ढाळज म्हणून ठेवलेल्या चौथऱ्यावर, जाऊन बसली. प्रसंग साधाच होता, भाजी निवडण्याचा. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, ‘अगं, ही कुठं बसली?’ सगळ्या सभागृहाने ऐकलं. त्या बाईला जे कळत होतं ते संहितेत नव्हतं, कारण संहितेत ‘घराचा पुढचा भाग’ असं लिहिलं होतं.

काही मित्र म्हणतात, ही सगळी वाड्यांची हळहळ आहे. वाडे पडले ते बरं झालं, त्यांच्या नावांना कशाला कवटाळायचं? त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. वाडा परत यावा असं मलाही वाटत नाही. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिलाही वाटलं नसतं. पण ढाळज हा शब्द काढून ‘बैठकीची खोली’ लिहिलं, की त्या पायरीखाली उभा राहणारा माणूस नाटकातून नाहीसा होतो. अन्याय दाखवायचा तर ज्या जागेत तो झाला तिचं खरं नाव घ्यावं लागतं. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली रंगमंचावर आलं. त्याच्या नावातच जागा आहे. मराठवाड्यातल्या कुणाही माणसाला ‘भीमनगर मोहल्ला’ एवढं म्हटलं की ती वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला असेल, तिथला रस्ता कसा असेल, हे विचारावं लागत नाही. दलित वस्तीला ‘शहरातील एक वस्ती’ म्हटलं असतं तर ते नाटक तिथेच निम्मं झालं असतं.

माळवदाबद्दल तर मला जास्तच बोलायचं आहे. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, माळवदाची. लाकडी खांब, तुळया, वर काटक्या आणि पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. छप्पर सपाट. त्यावर वाळवणं घालायची, उन्हाळ्यात झोपायचं. पण शहरातून नेपथ्य आलं की ‘खेड्यातील घर’ म्हणून उतरत्या कौलांचं छप्पर येतं. कोकणातला पाऊस परभणीच्या घरावर पडतो. चित्रांत, मालिकांत, पाठ्यपुस्तकांत खेडं म्हटलं की तेच कौल दिसतं, म्हणून रंगवणाऱ्याचा हातही तिकडेच वळतो. ‘माळवदाचं घर’ असे दोन शब्द लिहिले असते तर निदान त्याने विचारलं तरी असतं.

आणि माळवद लिहिलं की उजेडही बदलतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. माळवदाच्या घराला खिडक्या कमी, भिंती जाड. उजेड येतो तो वरून, छपरात उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, साण्यातून. एक उभा झोत, त्यात तरंगणारी धूळ, दिवसभर जमिनीवरून सरकत जाणारा उन्हाचा कवडसा. त्यावरून घरातल्या बाया वेळ ओळखायच्या. दिवाणखान्यात उजेड खिडकीतून आडवा येतो आणि चेहऱ्याच्या एका बाजूला पडतो. साण्याचा उजेड डोक्यावर पडतो. मान वर केल्याशिवाय चेहरा दिसत नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय सांगायचं असतं?

माळवद या शब्दात ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाटही आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून माणसं झोपली, आणि लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती त्यांच्यावर कोसळली. हजारो माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. ज्या छपराने पिढ्यान् पिढ्या ऊन अडवलं त्याच्याखाली झोपायची भीती बसली, आणि भूकंपाच्या भागाबाहेरही लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. म्हणून १९९३च्या नंतर घडणाऱ्या नाटकात एखादा म्हातारा अजून माळवदाखाली राहतो असं लिहिलं, तर तो हट्टी आहे, किंवा गरीब आहे, किंवा त्याला कुणीतरी तिथे सोडून गेलंय. ‘जुने घर’ या शब्दांत यातलं काहीच नाही.

जुन्याच जागांसाठी मी भांडतेय असं वाटू नये म्हणून कोपीचं सांगते. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या भागांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या पुढेमागे निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर राहतात. राहायला कोपी. बांबूच्या कामट्या वाकवून, वर पाचट नाहीतर ताडपत्री टाकून केलेली. तिच्यात वाकून शिरायचं आणि बहुतेक ठिकाणी वाकूनच वावरायचं. ऊसतोडीवरची नाटकं मी गेल्या काही वर्षांत बरीच पाहिली. विषय पेटलेला आहे, पोरं जीव तोडून करतात. पण संहितेत ‘झोपडी’ लिहिलेलं असतं, म्हणून सेटवर प्लायवूडचा सहा फुटी दरवाजा येतो आणि दिवसभर कोयता चालवून आलेली बाई त्यातून ताठ मानेने आत जाते. कोपी लिहा, कोपीएवढी उंची करा. मग नटीला रांगत शिरावं लागेल, आत बसून लुगडं बदलावं लागेल, लेकराला पाजताना डोकं पाचटाला लागेल. तिचं थकलेपण दाखवायला मग तिला कपाळावरचा घाम पुसायची गरज उरणार नाही.

‘पण प्रेक्षकांना हे शब्द कळणार नाहीत’ हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे, आणि त्यात तथ्य सगळ्यात कमी आहे. कंसातलं प्रेक्षकाला ऐकूच येत नसतं. त्याला जागा दिसते. कंस वाचतात दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि नट. ही चार माणसं एक शब्द शोधायचे कष्ट घेऊ शकत नसतील तर त्यांनी ते नाटक करूच नये. परदेशी नाटकांची रूपांतरं करताना आपण तिथल्या माळ्यावरच्या खोल्या, शेकोट्या, बर्फ, सगळं समजून घेतोच. ढाळज त्याहून अवघड नाही.

आपल्या लोकरंगभूमीला सेट लागतच नव्हता, मग हा खटाटोप कशाला, असं काही जाणकार विचारतात. हे खरं आहे की तमाशात एक फेरी मारली की गाव बदलतं. भरताच्या शास्त्रातही रंगमंचाचे भाग कल्पून त्यांवरून चालत गेलं की स्थळ बदलतं, त्याला कक्ष्याविभाग म्हणतात. पैठणच्या एकनाथांची भारुडं तर मोकळ्या अंगणात होतात. पण तिथे जागा उभी करायचं सगळं काम शब्दावर असतं, आणि म्हणून तो शब्द नेमका लागतो. भिंत नाही, दार नाही, फक्त ‘वेस’ म्हटलंय. आता वेस म्हणजे काय हे नटाच्या पायांना माहीत नसेल तर तो ओलांडणार कुठून? जितका सेट कमी तितकं नाव महत्त्वाचं.

काय करावं याबद्दल माझ्या मनात दोन-तीन गोष्टी पक्क्या आहेत. लेखकांनी जागेचं नाव आपलं लिहावं आणि खाली दोन ओळींत ती जागा सांगावी, जमलं तर हाताने काढलेली आकृती जोडावी. वेडीवाकडी चालेल. स्पर्धांनी संहितेबरोबर ही आकृती मागावी आणि परीक्षकांना प्रयोगाच्या आधी द्यावी. त्यात कुणाचाही एक पैसा जाणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, नांदेडचं विद्यापीठही या भागाचंच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना नेपथ्याच्या अभ्यासात एक तरी जागा गावात जाऊन मोजायला लावावी : ढाळज, बारव, पार, चावडी, कोपी. लातूरच्या अभ्यासिकाही मोजाव्यात, जिथे फळ्यांच्या कप्प्यात पोरं वर्षानुवर्षं मान खाली घालून बसतात. टँकर येतो ती जागा, पत्र्याची शेडं, एसटी स्टँडाबाहेरचे हॉटेलांचे मांडव, हेही उद्याच्या नाटकांचे कंस आहेत आणि त्यांचीही नावं इथली माणसं रोज घेतायत. नुसता शब्दकोश करून कपाटात ठेवू नये. शब्दाशेजारी माप असावं, उजेड कुठून येतो ते असावं, आणि तिथे कोण बसत नाही हेही असावं.

सरकारने करावं, संस्थांनी करावं, म्हणून थांबून राहण्याइतका वेळ नाही. वाडे दर पावसाळ्यात पडतायत, आणि ज्यांना खणांची, दिवळ्यांची, साण्यांची नावं येतात ती माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. दिवाळीच्या सुटीत आम्ही सहा जण टेप, वही आणि मोबाइल घेऊन पूर्णा नदीच्या काठची गावं फिरणार आहोत. तो पोरगाही येतोय. पहिली मोजणी त्याच्या मामाच्या आखाड्यावर ठरली आहे. कोठ्यापासून बाजेपर्यंत किती पावलं, ते त्याने आताच फोनवर सांगितलंय. अकरा. म्हाताऱ्याची असली तर चौदा.